न्यूयॉर्कचे सदर्न डिस्ट्रिक्ट न्यायालय: तळच्या पायरीवरील एकट्या न्यायाधीशाला इतके महत्त्व का?

मृण्मयी (मूळ प्रश्न)

अमेरिकेतील गाजलेल्या खटल्यांविषयी वाचताना एकाच न्यायालयाचे नाव मला वारंवार भेटते. १९५१ मध्ये सोव्हिएत संघासाठी हेरगिरी केल्याबद्दल रोझेनबर्ग दांपत्याला देहदंड सुनावला गेला तो तिथे. १९७१ मध्ये व्हिएतनाम युद्धाची गोपनीय कागदपत्रे छापण्यापासून न्यूयॉर्क टाइम्सला रोखावे, ही मागणी घेऊन निक्सन सरकार गेले ते तिथेच. १९९५ मध्ये बेसबॉल खेळाडूंच्या लांबलेल्या संपाची कोंडी फुटली ती तिथल्या एका आदेशाने. आणि २००९ मध्ये गुंतवणूकदारांना प्रचंड प्रमाणावर फसवणाऱ्या बर्नार्ड मेडॉफ याला १५० वर्षांची शिक्षा झाली तीही तिथेच. हे न्यायालय म्हणजे न्यूयॉर्कचे सदर्न डिस्ट्रिक्ट, म्हणजे दक्षिण जिल्ह्याचे संघीय न्यायालय.

माझा गोंधळ असा की संघीय न्यायव्यवस्थेत ही तळची पायरी आहे. तिच्यावर अपील न्यायालय आहे, त्याच्यावर सर्वोच्च न्यायालय आहे, आणि या तळच्या पायरीवर बहुतेक प्रत्येक प्रकरण एकटा न्यायाधीश चालवतो. वरची दोन न्यायालये ज्याचा निकाल फिरवू शकतात, त्या न्यायाधीशाच्या शब्दाला इतके वजन कसे येते? अमुक प्रकरण अमुक न्यायाधीशाकडेच का जाते, हे कोण ठरवते? राज्यांची स्वतःची वेगळी न्यायालये असतात हे मला ठाऊक आहे, त्यामुळे तो भाग वगळला तरी चालेल. जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

निबंधक

मृण्मयी, आधी चौकट सांगतो, कारण या न्यायालयापुढे नेमके काय येऊ शकते हे कळल्याशिवाय बाकीचे नीट उलगडत नाही. संघीय कायद्याखालचे गुन्हे, राज्यघटना किंवा संघीय कायद्यावर आधारलेले दिवाणी दावे, अमेरिकेचे सरकार स्वतः पक्षकार असलेले दावे, आणि वेगवेगळ्या राज्यांच्या नागरिकांमधील ७५,००० डॉलरहून अधिक रकमेचे वाद, असा स्थूलमानाने या न्यायालयांचा पसारा आहे. देशात अशी ९४ जिल्हा न्यायालये आहेत. प्रत्येक राज्यात किमान एक असते आणि न्यूयॉर्कमध्ये चार आहेत.

पहिली १३ जिल्हा न्यायालये १७८९ च्या न्यायव्यवस्था कायद्याने निर्माण झाली, आणि त्यांतले न्यूयॉर्कचे न्यायालय ३ नोव्हेंबर १७८९ रोजी न्या. जेम्स ड्युएन यांच्या अध्यक्षतेखाली प्रथम भरले. सर्वोच्च न्यायालयाची पहिली बैठक त्यानंतर, फेब्रुवारी १७९० मध्ये झाली. नव्या राज्यघटनेखाली सर्वांत आधी कामाला लागलेले न्यायालय म्हणून तिथले वकील आजही त्याला कौतुकाने ‘मदर कोर्ट’ म्हणतात. १८१४ मध्ये त्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले आणि १८६५ मध्ये ब्रुकलिन व लाँग आयलंडकडचा भाग पूर्व जिल्हा म्हणून वेगळा निघाला. आज दक्षिण जिल्ह्याकडे मॅनहॅटन, ब्राँक्स आणि त्यांच्या उत्तरेकडील सहा काउंट्या आहेत, आणि कायद्याने मंजूर केलेली न्यायाधीशांची २८ पदे आहेत. मुख्य कामकाज मॅनहॅटनमधील फॉली स्क्वेअरच्या परिसरातील दोन इमारतींतून चालते.

गाजलेली प्रकरणे इथेच का येतात, याचे उत्तर न्यायाधीशांच्या अंगच्या गुणांत शोधण्याआधी नकाशात शोधावे. वॉल स्ट्रीट, मोठ्या बँका, वृत्तपत्रांची व प्रकाशनसंस्थांची मुख्यालये आणि संयुक्त राष्ट्रसंघ हे सारे मॅनहॅटनमध्ये आहे. रोखेबाजारातील फसवणूक कुठे घडली असे विचारले, तर तिचा एखादा तरी धागा तिथून गेलेला असतो, आणि खटला तिथे भरायला तेवढा पुरतो.

एक घोटाळा मात्र आधीच दूर केलेला बरा. ‘सदर्न डिस्ट्रिक्टने अमक्यावर आरोप ठेवले’ अशी बातमी येते, तेव्हा ती न्यायालयाविषयी नसून त्या जिल्ह्याच्या संघीय सरकारी वकिलांच्या कार्यालयाविषयी असते. प्रीत भरारा २००९ ते २०१७ या काळात त्या कार्यालयाचे प्रमुख होते. ते न्यायाधीश नव्हते. हे कार्यालय न्याय खात्याचा, म्हणजे कार्यकारी शाखेचा भाग आहे, आणि न्यायालय त्याचे म्हणणे फेटाळूही शकते. घरकामगाराच्या व्हिसाबाबत खोटी माहिती दिल्याचा आरोप झालेल्या भारतीय राजनैतिक अधिकारी देवयानी खोब्रागडे यांच्या प्रकरणात हा भेद स्पष्ट दिसला. जानेवारी २०१४ मध्ये ग्रँड ज्युरीने (आरोप ठेवण्याइतका पुरावा आहे का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने) आरोपपत्र दिले, त्या दिवशी त्यांना पूर्ण राजनैतिक संरक्षण होते, या कारणावरून न्या. शिरा शाइंडलिन यांनी १२ मार्च २०१४ रोजी ते आरोपपत्र रद्द केले. आरोप खरे की खोटे यात न्यायालय शिरलेच नाही, आणि म्हणूनच सरकारी वकिलांना दोन दिवसांत नवे आरोपपत्र मिळवता आले. आपल्याकडच्या तेव्हाच्या चर्चेत ‘न्यायालयाने आरोप ठेवले’ आणि ‘न्यायालयाने निर्दोष ठरवले’ ही दोन्ही वाक्ये सर्रास ऐकू येत होती, आणि दोन्ही चूक होती.

प्रकरणांच्या वाटपाबद्दल सांगायचे तर ते चिठ्ठी टाकून होते, असे म्हणायला हरकत नाही. त्याला तिथे ‘व्हील’, म्हणजे चाक म्हणतात. दिवाणी दाव्यांसाठी हे काम आता संगणक करतो. आधीच्या एखाद्या प्रकरणाशी जवळचा संबंध असलेला नवा दावा मात्र त्याच न्यायाधीशाकडे पाठवता येतो, आणि हा संबंध किती जवळचा मानायचा यावरून वकिलांमध्ये खडाखडी होतच असते. एकदा प्रकरण वाट्याला आले की दाव्याच्या पहिल्या अर्जापासून निकालापर्यंत सहसा तोच न्यायाधीश ते सांभाळतो.

काकदृष्टी

निबंधक यांच्या विवेचनाला धरूनच पुढे लिहितो. वरचे न्यायालय निकाल फिरवू शकते, हे खरे. पण ते काय फिरवू शकते आणि काय सहसा फिरवत नाही, यात तळच्या न्यायाधीशाचे सामर्थ्य आहे.

अपील न्यायालयापुढे साक्षीदार येत नाहीत. तिथे साधारणतः तीन न्यायाधीश खालच्या न्यायालयातील नोंदी वाचतात आणि दोन्ही बाजूंच्या वकिलांचे म्हणणे ऐकतात. कायद्याचा अर्थ काय, हा प्रश्न ते नव्याने तपासतात, पण काय घडले, कोण खरे बोलले, कोणाच्या साक्षीवर विश्वास ठेवावा, याबद्दल खालच्या न्यायाधीशाने काढलेला निष्कर्ष उघड उघड चुकीचा असल्याशिवाय ते त्याला हात लावत नाहीत. ज्युरीने दिलेल्या निर्णयाला तर याहूनही अधिक संरक्षण असते. त्यामुळे अपिलात गेलेले प्रकरण कोरे नसते. खालच्या न्यायाधीशाने कोणता पुरावा आत येऊ दिला, कोणता बाहेर ठेवला आणि घटनाक्रम कसा मांडला, त्यावरच वरची सगळी चर्चा होते. कसलेला न्यायाधीश आपले निकालपत्र लिहिताना वस्तुस्थितीची बाजू इतकी पक्की बांधून ठेवतो की कायद्यावर मतभेद असलेल्या अपील न्यायालयालाही ती सहजी सोडवता येत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. १९७१ च्या ज्या प्रकरणाचा तुम्ही उल्लेख केला, ते न्या. मरे गर्फिन यांच्याकडे गेले. त्यांना निक्सन यांनीच नेमले होते आणि पदावर येऊन त्यांना जेमतेम काही दिवस झाले होते. १५ जून रोजी त्यांनी वृत्तपत्राला तात्पुरती मनाई केली, त्यानंतर सुनावणी घेतली, तिचा काही भाग बंद दाराआड घेतला, आणि कागदपत्रे छापल्याने देशाच्या सुरक्षिततेला नेमकी कोणती गंभीर हानी पोहोचेल हे सरकार दाखवू शकले नाही, असे म्हणून १९ जून रोजी मनाई पुढे चालू ठेवण्यास नकार दिला. अपील न्यायालयाला तो निर्णय जसाच्या तसा मान्य झाला नाही. पण ३० जून रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी वृत्तपत्राच्या बाजूने कौल दिला. सारे प्रकरण पंधरवड्यात संपले. इतक्या घाईत सरकारच्या अधिकाऱ्यांना समोर बसवून ‘या कागदात धोका कुठे आहे ते दाखवा’ असे विचारण्याचे काम तळच्या न्यायाधीशालाच करावे लागते, आणि तिथे सरकारला उत्तर सापडले नाही, ही गोष्ट पुढच्या पायऱ्यांवर पुसता येत नाही. माझ्या मते या न्यायालयाच्या इतिहासातील हे सर्वांत बोलके उदाहरण आहे.

बेसबॉलच्या संपातला आदेश न्या. सोनिया सोटोमायोर यांचा. ऑगस्ट १९९४ मध्ये सुरू झालेल्या संपामुळे त्या वर्षीची वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलच्या हंगामाची अंतिम मालिका, रद्द झाली होती. संघमालकांनी वाटाघाटी पुऱ्या होण्याआधीच कराराच्या अटी एकतर्फी बदलल्या, म्हणून संघीय कामगार संबंध मंडळ न्यायालयात गेले, आणि ३१ मार्च १९९५ रोजी सोटोमायोर यांनी जुन्या करारातील अटी पुन्हा लागू करण्याचा अंतरिम आदेश दिला. खेळाडू कामावर परतले. सोटोमायोर यांनी जे केले नाही, तेही महत्त्वाचे आहे. कोणाला किती पैसे मिळावेत, या वादात त्या पडल्या नाहीत. दोन्ही पक्षांना वाटाघाटींच्या टेबलाशी पूर्वीच्या जागी नेऊन बसवणे एवढेच त्यांनी केले. अपील न्यायालयाने हा आदेश कायम ठेवला.

प्रत्येक वेळी असे होतेच असे नाही. न्या. जेड रेकॉफ यांनी २००२ मध्ये संघीय मृत्युदंडाचा कायदा घटनाबाह्य ठरवला. अपील न्यायालयाने त्याच वर्षी तो निर्णय उलटवला. २०११ मध्ये रोखेबाजारावर देखरेख ठेवणारा संघीय रोखे आयोग आणि सिटीग्रुप ही बँक यांच्यातील २८.५ कोटी डॉलरच्या तडजोडीला मान्यता देण्यास त्यांनी नकार दिला, कारण बँकेने आरोप मान्यही केले नव्हते आणि नाकारलेही नव्हते, आणि अशा स्थितीत ही तडजोड न्याय्य आहे हे कशाच्या आधारे ठरवायचे, असा त्यांचा सवाल होता. २०१४ मध्ये तोही आदेश रद्द झाला. तरीसुद्धा रोखे आयोगाने या दरम्यान आपले धोरण बदलून काही प्रकरणांत दोष मान्य करण्याचा आग्रह धरायला सुरुवात केली. हरलेल्या निकालाचा परिणाम असा मागच्या दाराने होऊ शकतो.

आणि तिसरी गोष्ट, जिच्याकडे बातम्यांचे लक्ष सहसा जात नाही: बहुतेक प्रकरणे वर जातच नाहीत. संघीय फौजदारी खटल्यांत दहापैकी सुमारे नऊ आरोपी गुन्हा कबूल करतात, आणि दिवाणी दाव्यांपैकी फारच थोडे साक्षीपुराव्यापर्यंत पोहोचतात. बाकीचे फेटाळले जातात किंवा तडजोडीने मिटतात. जामीन द्यायचा की नाही, कोणती कागदपत्रे समोरच्या पक्षाला दाखवायची, तारखा कोणत्या, आणि गुन्हा कबूल झाल्यावर शिक्षा किती, हे सगळे तोच एक न्यायाधीश ठरवतो. त्या माणसांच्या दृष्टीने पहिले आणि शेवटचे न्यायालय तेच.

शिक्षेच्या बाबतीत या न्यायालयाचा स्वतःचाच एक इतिहास आहे. इथलेच न्या. मार्विन फ्रँकेल यांनी १९७० च्या दशकात असा आक्षेप घेतला की शिक्षा देताना न्यायाधीशावर कसलेच बंधन नाही आणि सारख्याच गुन्ह्याला दोन दालनांत दोन वेगळ्या शिक्षा होतात. त्या चर्चेतून १९८४ चा शिक्षा सुधारणा कायदा आला आणि १९८७ पासून संपूर्ण देशासाठी शिक्षेचे कोष्टक लागू झाले. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बुकर खटल्यात ते कोष्टक बंधनकारक न मानता मार्गदर्शक मानावे असे ठरवले आणि न्यायाधीशाचा विवेक बराचसा परत आला. गॅलियन या गुंतवणूक फंडाच्या प्रकरणात, गोपनीय माहितीवरून शेअरचे व्यवहार केल्याबद्दल, न्या. रिचर्ड होलवेल यांनी २०११ मध्ये फंडाचे प्रमुख राज राजारत्नम यांना ११ वर्षे दिली. त्यांना अशी गोपनीय माहिती पुरवल्याबद्दल २०१२ मध्ये रजत गुप्ता यांना रेकॉफ यांनी २ वर्षे आणि ५० लाख डॉलरचा दंड दिला, जो सरकारी पक्षाने मागितलेल्या कैदेच्या मानाने पुष्कळच सौम्य होता. दोघांची कृत्ये सारखी नव्हती, ही गोष्ट ध्यानात घ्यावी लागेलच, पण फ्रँकेल यांचा आक्षेप संपूर्णपणे जुना झालेला नाही, एवढे यावरून दिसते.

मृण्मयी

आपण दोघांनी इतके मन लावून लिहिलेत, याबद्दल आभारी आहे. यातून एक उपप्रश्न निघतो. चाक फिरवून प्रकरण कोणाकडेही जाऊ शकत असेल, तर त्या २८ जागांवर कोण बसते, हे अतिशय महत्त्वाचे ठरते. यांना निवडते कोण, आणि ज्या अध्यक्षाने नेमले त्याचे उतराई होण्यापासून त्यांना रोखते कोण? गर्फिन यांचे उदाहरण दिलासा देणारे आहे, पण एका माणसाच्या धैर्यावर व्यवस्था उभी राहत नाही.

उत्तरा

हा भाग मी लिहिते, कारण नेमणुकांचा विषय माझ्या आवडीचा आहे.

राज्यघटनेत संघीय न्यायाधीशासाठी वय, अनुभव, इतकेच काय कायद्याची पदवीसुद्धा आवश्यक ठरवलेली नाही. अध्यक्ष नाव सुचवतो आणि सेनेट मंजुरी देते. २०१३ पासून जिल्हा न्यायाधीशांसाठी साध्या बहुमताने चर्चा संपवून मतदान घेता येते. परंतु लेखी नियमापेक्षा एक जुनी प्रथा इथे अधिक काम करते. ज्या राज्यातील पद असेल त्या राज्याच्या दोन्ही सेनेटरांकडे संमती कळवण्यासाठी निळ्या रंगाचा कागद पाठवला जातो, आणि जिल्हा न्यायाधीशांच्या बाबतीत त्यांच्यापैकी कोणी तो अडवून ठेवला तर नाव सहसा पुढे सरकत नाही. म्हणजे अध्यक्षाला सेनेटरांशी जुळवून घ्यावे लागते, आणि काही वेळा तर नावे तिकडूनच येतात. सोटोमायोर यांची जिल्हा न्यायालयावरची नेमणूक रिपब्लिकन अध्यक्ष जॉर्ज बुश (थोरले) यांनी केली, पण त्यांची शिफारस डेमोक्रॅटिक सेनेटर डॅनिएल पॅट्रिक मॉयनिहन यांनी केली होती. आज या न्यायालयाच्या दोन मुख्य इमारतींपैकी एकीला याच मॉयनिहन यांचे नाव आहे.

नेमले गेलेल्यांमध्ये माजी सरकारी वकिलांचा आणि मोठ्या विधिसंस्थांमधील वकिलांचा भरणा फार मोठा आहे अशी टीका होते, आणि ती योग्यच आहे. म्हणूनच कॉन्स्टन्स बेकर मॉटली यांची नेमणूक वेगळी ठरते. नागरी हक्कांच्या लढ्यात वकील म्हणून त्यांनी सर्वोच्च न्यायालयापुढे दहा खटले चालवले आणि त्यांतले नऊ जिंकले. १९६६ मध्ये अध्यक्ष जॉन्सन यांनी त्यांना या न्यायालयावर नेमले; संघीय न्यायाधीश झालेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला. १९७५ मध्ये एका मोठ्या विधिसंस्थेविरुद्ध महिला वकिलांना भेदभावाची वागणूक दिल्याचा दावा त्यांच्याकडे आला, तेव्हा प्रतिवादींनी त्यांना प्रकरणातून बाजूला होण्यास सांगितले. कारण उघडपणे वेगळ्या शब्दांत मांडले होते, पण आशय असा की त्या स्वतः स्त्री आहेत आणि भेदभावाविरुद्ध लढलेल्या आहेत. मॉटली यांनी नकार दिला. प्रत्येक न्यायाधीशाला काही ना काही वंश, लिंग आणि पूर्वायुष्य असतेच, आणि तेवढ्यावरून कोणी अपात्र ठरणार असेल तर त्या न्यायालयातील एकही न्यायाधीश हा दावा चालवू शकणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. निःपक्षपातीपणावर शंका घेणारे अर्ज आजही येतात, आणि त्यांना उत्तर देताना या निर्णयाचा आधार घेतला जातो. मला स्वतःला हे सबंध प्रकरण फार शिकवून जाणारे वाटते, कारण पुरुष न्यायाधीशाला त्याच्या पुरुषपणावरून कोणी असा प्रश्न विचारला नव्हता.

आता उतराई होण्याविषयी. संघीय न्यायाधीशाची नेमणूक ‘सद्वर्तन असेतोवर’, म्हणजे व्यवहारात आजीवन असते, आणि पदावर असेपर्यंत त्याचा पगार कमी करता येत नाही. २०२४ मध्ये जिल्हा न्यायाधीशाचे वार्षिक वेतन २,४३,३०० डॉलर होते, जे न्यूयॉर्कमधील बड्या वकिलांच्या कमाईपुढे फिके आहे. पण नेमणाऱ्याला ते रोखता येत नाही, ही त्यातली खरी किंमत. काढून टाकण्याचा मार्ग एकच, महाभियोग. आजवर प्रतिनिधिगृहाने १५ संघीय न्यायाधीशांवर महाभियोग चालवला आणि सेनेटने ८ जणांना दोषी ठरवले. त्यांतले पहिले न्यू हॅम्पशायरचे जिल्हा न्यायाधीश जॉन पिकरिंग, १८०४ मध्ये. शेवटचे लुइझियानाचे टॉमस पोर्टिअस, २०१० मध्ये. निकाल आवडला नाही म्हणून महाभियोग लावायचा नाही, हा संकेत १८०५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्या. सॅम्युअल चेस यांची सेनेटने मुक्तता केली तेव्हापासून टिकून आहे. या यादीतले सर्वांत चमत्कारिक नाव फ्लोरिडाचे अल्सी हेस्टिंग्ज यांचे: १९८९ मध्ये ते पदावरून काढले गेले, १९९२ मध्ये त्याच प्रतिनिधिगृहावर निवडून आले आणि २०२१ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथेच राहिले.

पगार बंद होत नाही आणि वयाची अट नाही, म्हटल्यावर म्हातारपणाचे काय, असा प्रश्न येतो. वयाच्या ६५ व्या वर्षी १५ वर्षांची सेवा झाली असेल तर न्यायाधीश ज्येष्ठ दर्जा घेऊ शकतो. मग त्याची जागा रिकामी होऊन नवी नेमणूक होते, आणि तो मात्र हवे तर कमी प्रमाणात काम करत राहतो. म्हणूनच २८ पदे असलेल्या न्यायालयात प्रत्यक्षात काम करणारे न्यायाधीश त्याहून अधिक असतात. कॅन्ससचे न्या. वेस्ली ब्राउन यांना १९६२ मध्ये केनेडी यांनी नेमले होते आणि २०१२ मध्ये वयाच्या १०४ व्या वर्षी मृत्यू येईपर्यंत त्यांच्याकडे प्रकरणे होती. ज्येष्ठ दर्जा केव्हा घ्यायचा हे न्यायाधीशाच्या हाती असल्याने आपल्या विचारांचा अध्यक्ष येईपर्यंत थांबण्याचा मोह होतो, आणि काही जण थांबतातही. तुम्ही ज्या धोक्याविषयी विचारले तो मला नेमणुकीच्या वेळेपेक्षा या टोकाला अधिक जाणवतो.

मुख्य न्यायाधीशपदाला फार महत्त्व देऊ नये. ते सेवाज्येष्ठतेने मिळते, सात वर्षे टिकते, आणि त्याने सहकाऱ्यांच्या निकालांवर कसलाही अधिकार मिळत नाही. मॅजिस्ट्रेट न्यायाधीश वेगळे. त्यांना अध्यक्ष नेमत नाही, जिल्हा न्यायाधीशच आठ वर्षांसाठी नेमतात, आणि जामिनाची पहिली सुनावणी, कागदपत्रांचे वाद अशी कामे ते करतात.

आपल्या वाचकांना कुतूहल असेल म्हणून सांगते: मार्च २०२३ मध्ये सेनेटने मंजुरी दिलेले न्या. अरुण सुब्रमणियन हे या न्यायालयावरील पहिले दक्षिण आशियाई वंशाचे न्यायाधीश. संगीत कार्यक्रम व त्यांची तिकीटविक्री यांतील लाइव्ह नेशन कंपनीविरुद्धचा मक्तेदारीचा दावा त्यांच्याचकडे गेला.

काकदृष्टी

उत्तरा यांच्याशी बहुतांशी सहमत आहे, पण चाकाबद्दल एक पुरवणी आवश्यक वाटते. निबंधक यांनी सांगितलेली पद्धत मॅनहॅटनपुरती बरोबर आहे. ती सगळीकडे तशीच आहे, असा समज होऊ नये. प्रकरणांचे वाटप प्रत्येक जिल्हा न्यायालय स्वतःच्या नियमांनी करते, आणि पसरलेल्या जिल्ह्यांत छोटे विभाग पाडलेले असतात. टेक्सासच्या उत्तर जिल्ह्यातील अमरिलो विभागात दिवाणी दावे जवळजवळ सगळेच न्या. मॅथ्यू कॅक्स्मारिक यांच्याकडे जात असत. त्यामुळे देशव्यापी धोरणाला आव्हान देणाऱ्यांनी दावा तिथे नेला की न्यायाधीश आधीच निवडल्यासारखे होई. एप्रिल २०२३ मध्ये गर्भपाताच्या गोळीची दोन दशकांपूर्वीची मान्यता स्थगित करणारा आदेश तिथूनच निघाला, आणि जून २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की त्या वादींना असा दावा करण्याचा अधिकारच नव्हता. पश्चिम टेक्सासमधील वॅको विभागात पेटंटच्या दाव्यांची अशीच रीघ लागली होती. तिथल्या मुख्य न्यायाधीशांनी जुलै २०२२ मध्ये ते दावे इतर न्यायाधीशांत वाटण्याचा आदेश काढला. मार्च २०२४ मध्ये संघीय न्यायाधीशांच्या राष्ट्रीय परिषदेने देशव्यापी परिणाम होणाऱ्या दाव्यांचे वाटप संपूर्ण जिल्ह्यातून चिठ्ठीने व्हावे, असे धोरण मांडले. पण ते मार्गदर्शक आहे, आणि उत्तर टेक्सासने ते स्वीकारले नाही.

याच मुद्द्याला जोडून दुसरा प्रश्न येतो: एका जिल्ह्यातील एका न्यायाधीशाने सरकारचा आदेश संपूर्ण देशासाठी का थांबवावा? गेली काही वर्षे डेमोक्रॅटिक अध्यक्ष असताना डेमोक्रॅट आणि रिपब्लिकन अध्यक्ष असताना रिपब्लिकन ही तक्रार करत आले आहेत, आणि दोघांनीही विरोधात असताना त्याच हत्याराचा मनसोक्त उपयोग केला आहे. २७ जून २०२५ रोजी ट्रम्प विरुद्ध कासा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी म्हटले की दाव्यातील पक्षकारांना पूर्ण दाद मिळण्यासाठी लागते त्यापलीकडे जाणारी सार्वत्रिक मनाई बहुधा जिल्हा न्यायालयांच्या अधिकाराबाहेरची आहे. समूहाच्या वतीने दावा दाखल करून मोठ्या संख्येने लोकांना संरक्षण मिळवण्याचा मार्ग मात्र या निर्णयाने बंद केला नाही, आणि लढाई आता तिकडे सरकली आहे.

निबंधक

काकदृष्टी यांची पुरवणी रास्त आहे. दक्षिण जिल्ह्यात दावा दाखल करणाऱ्याला न्यायाधीश निवडता येत नाही याचे एक साधे कारण म्हणजे मॅनहॅटनच्या चाकात नावेच पुष्कळ आहेत. आणखी एक गोष्ट जोडतो, जी बाहेरच्या वाचकाला सहसा माहीत नसते: जिल्हा न्यायाधीशाचा निकाल शेजारच्या दालनातील त्याच न्यायालयाच्या न्यायाधीशावरही बंधनकारक नसतो. तो वाचला जातो, त्याचा आदर केला जातो, पण पाळण्याची सक्ती नाही. ती येते अपील न्यायालयाच्या निकालाने. या जिल्ह्याचे अपील सेकंड सर्किट या अपील न्यायालयाकडे जाते, ज्याच्या कक्षेत न्यूयॉर्क, कनेटिकट आणि व्हरमाँट ही राज्ये आहेत. त्यामुळे एकाच कायद्याविषयी फॉली स्क्वेअरमध्ये काही काळ परस्परविरोधी दोन निकाल नांदू शकतात. मतदारसंघांच्या फेररचनेसारख्या थोड्या विषयांत मात्र कायद्यानेच तीन न्यायाधीशांचे जिल्हा न्यायालय बसते आणि तिथून अपील थेट सर्वोच्च न्यायालयात जाते.

मृण्मयी, तुम्हाला मूळ निकालपत्रे वाचायची असतील तर सुरुवात गर्फिन यांच्या १९ जून १९७१ च्या निकालाने करावी. तो छोटा आहे आणि कायद्याचे शिक्षण नसलेल्यालाही समजतो. त्यानंतर मॉटली यांचा १९७५ चा निर्णय वाचावा. संघीय फौजदारी खटल्यांचे चित्रीकरण करण्यास मनाई असल्याने दृश्य साधन म्हणून दालनात बसून काढलेली रेखाचित्रे तेवढी मिळतात. नव्या प्रकरणांची कागदपत्रे न्यायालयांच्या पेसर या संगणकीय प्रणालीवर आहेत. तिथे पानाला १० सेंट पडतात, बहुतेक दस्तऐवजांना ३ डॉलरची कमाल मर्यादा आहे, न्यायालयाची निकालपत्रे मोफत आहेत, आणि एका तिमाहीत ३० डॉलर किंवा त्याहून कमी रक्कम झाली तर ती आकारली जात नाही.